आमच्या विनंतीला मान देऊन

२३ जून २०२५

बागेतलं हसणं झालं की एकेकाची विचारपूस करायची, हे हास्यक्लबातलं माझं काम. कोणी नेमलेलं नाही. पण सदाशिव पेठेत इतकी वर्षं पोळी-भाजी केंद्र चालवलं, दारात आलेल्या माणसाला आधी "बरा आहेस ना?" विचारायची खोड लागली ती सुटत नाही. तर श्रीनिवासरावांचा गुडघा : "आहे तिथेच आहे, कुठे जातोय?" विमलाबाईंचा उजवा डोळा निवळलाय, डाव्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर. बद्रीनाथांची साखर वाढलीय. पेढा खाल्लात का विचारलं तर म्हणाले, "पेढ्याने मला खाल्लं." वेणूबाईंना मी तब्येत विचारतच नाही, सून कशी आहे ते विचारते. त्यावरून तब्येत कळते. आज बरी होती.

शेवटी कादंबरी. ती क्लबातली नव्हे, वयाने आमच्या निम्मी. माझ्या वरच्या मजल्यावर राहते आणि बागेत चालायला येते. मांजरीकडे उसाच्या शेतांत ते नवं भीमाकाठ विद्यापीठ झालंय, तिथे तत्त्वज्ञान शिकवते. तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच धरतात, सुट्टी लागली की हात कोरडे. "आणि तू गं? चेहरा का उतरलाय?" म्हटलं तर म्हणाली, "काकू, आमचं एम.ए. बंद होतंय."

मला वाटलं, मुलं येत नसतील विद्यापीठात. तर म्हणे मुलं मावत नाहीयेत! दरवर्षी प्रवेश वाढतायत, मांडव घालून वर्ग भरवलेत. पण सगळी गर्दी संगणकाकडे नाहीतर व्यवस्थापनाकडे. तत्त्वज्ञानाला या वर्षी एकच मुलगी आलीय, मेहकरची. दहा जण नसले तर अभ्यासक्रम गुंडाळायचा असा नियम आहे.

श्रीनिवासराव म्हणाले, "विद्यापीठात शिरायला जागा नाही आणि तत्त्वज्ञानाला माणूस नाही. एवढी गर्दी कशासाठी जमलीय हे विचारणारा एकच विभाग होता, तोच बंद. शाबास."

मला काही सुचायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, "नऊच कमी आहेत ना? मग हे काय उभे आहेत नऊ जण."

आधी सगळे हसले. क्लबच तो. पण घरी येईपर्यंत पाच जण तयार झाले होते. पदवी सगळ्यांकडे आहे. माझीही आहे, मुक्त विद्यापीठाची. सातवीत शाळा सुटली ती सुटली, पुढचं सगळं मी गल्ल्यावर बसून, पोळ्यांच्या मधल्या वेळात शिकले. बी.ए. झाले तेव्हा वयाची पंचावन्न उलटली होती.

१४ जुलै

पहिला दिवस. उरलेले चौघंही अखेर तयार झाले. मी अजून भानावर आलेले नाही.

स्वारगेटहून बस. उतरल्यावर वाटलं मार्केट यार्डाच्या भाजीबाजारात आलो, आज फक्त भाजीच्या जागी पोरं. पायऱ्यांवर पोरं, जिन्याखाली पोरं, झाडाच्या कट्ट्यावर संगणक मांडीवर घेऊन पोरं. वेणूबाईंनी माझा पदर धरला तो सोडलाच नाही.

दारांवरच्या पाट्या बदललेल्या, कादंबरीने दाखवल्या. जिथे रसायनशास्त्र होतं तिथे औषधनिर्मितीचं काहीतरी. मराठी विभागाच्या पाटीवर मराठी खाली बारीक अक्षरात, वर जाहिरातलेखन. तीन वर्षांची पदवी आता चार वर्षांची, मधेच एका वर्षाने निघालात तरी प्रमाणपत्र. श्रीनिवासराव म्हणाले, "बसच्या पासासारखं. कुठेही चढा, कुठेही उतरा."

तत्त्वज्ञानाचा वर्ग जनरेटरच्या खोलीला लागून. मूळचा वर्ग संगणकवाल्यांना दिला. बाकांना पाठ नाही. आणि त्या बाकांवर मधोमध एकटीच बसलेली ती मुलगी, रूपाली. आम्ही नऊ जण एकामागून एक आत शिरलो तशी उठून उभी राहिली. तिला वाटलं आम्ही सगळे प्राध्यापक.

"बस गं बाळ," मी म्हटलं, "आम्ही तुझ्या वर्गातले."

पोरीचं तोंड उघडं ते उघडंच.

९ ऑगस्ट

रूपाली म्हणजे सोन्यासारखी पोर. हजेरी हल्ली मोबाईलवर लावावी लागते, ती आमच्या नऊही जणांची तीच लावून देते. "काकू, तुमचं बटन मी दाबलं." विमलाबाईंसाठी टिपणं मोठ्या अक्षरात वेगळी उतरवते. सुटताना रिक्षा बोलावते. काल बद्रीनाथांना वर्गात घेरी आली, तर त्यांना दवाखान्यात तिनेच नेलं. तिचं स्वतःचं कसलंसं निबंधवाचन होतं संध्याकाळी, ते राहिलं. मी विचारलं तर म्हणाली, "जाऊ द्या ना काकू." किती समजूतदार! आमच्या सगळ्यांची नात झालीय.

डब्यात तिच्यासाठी रोज एक पोळी जास्त घेते. खाताना बोलते थोडं. मेहकरला बी.एड.ची जागा मिळाली होती, ती सोडून इकडे आली. तत्त्वज्ञानातच एम.ए. करायचं, मग पुढची परीक्षा देऊन कॉलेजात शिकवायचं. वडिलांनी दोन वर्षं दिलीत. वसतिगृह आणि शिष्यवृत्ती आहे म्हणून जमलं. "पदवीवाल्यायलेच भेटते वसतिगृह," म्हणाली, "नाही तं पुण्यात कोन ठेवते?"

कादंबरी आज सत्याविषयी बोलली. खरं ते आपल्याला माहीत आहे असं वाटणं आणि माहीत असणं यात फरक असतो म्हणे. मी लिहून घेतलंय, नीट कळलं नाही.

४ सप्टेंबर

गणपती अजून बसलेले आहेत, पण आज एक चांगलं काम उरकलं. तक्रारअर्ज. कल्पना क्लबाची, अक्षर माझं. श्रीनिवासराव म्हणाले, "पुण्यात राहून आजवर एकही अर्ज केला नाही ही शरमेची गोष्ट आहे."

बाकांना पाठ हवी. जिन्याला कठडा हवा. वर्ग एक ते चार नको, ती वामकुक्षीची वेळ. आणि तीन तासांची परीक्षा : विमलाबाईंना नीट दिसत नाही, बद्रीनाथांचा हात थरथरतो, तर लेखी परीक्षेबाबत सहानुभूतीने विचार व्हावा. एवढं सगळं मागून झाल्यावर मला कसंतरीच वाटायला लागलं, पाहुण्याने ताटावर बसून नुसतं मागतच सुटावं तसं. म्हणून शेवटी गोड बोलून ठेवलं : "आम्हाला या वयात पदवीचं काय करायचं आहे? शिकण्यातला आनंद पुरे." वाचून दाखवलं तर सगळ्यांनी मान डोलावली. बद्रीनाथांच्या तर डोळ्यांत पाणी.

नऊ सह्या. रूपालीला सही करायला बोलावलं नाही, ती झेरॉक्स काढायला गेली होती. आमच्याच अर्जाच्या.

१७ सप्टेंबर

कादंबरी जिन्यात भेटली. "काकू, तो अर्ज जरा थांबवता येईल का?" म्हटलं, अगं तो कधीच पोचला, आता कुलगुरूंच्या टेबलावर असेल. ती म्हणाली, "हो, तिथेच आहे." आणि वर निघून गेली. चहाला थांबली नाही. भिडस्त आहे पोर, आमच्यामुळे वरिष्ठांचा ओरडा बसेल असं तिला वाटत असणार.

२४ सप्टेंबर

कमाल झाली! विद्यापीठाने आमचा सत्कार ठेवलाय. एक ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनी, मोठ्या सभागृहात. कुलगुरू स्वतः येणार. वेणूबाई म्हणाल्या, लग्नानंतर आता पहिल्यांदाच स्टेजवर चढणार.

१ ऑक्टोबर

घाईघाईत लिहितेय. अक्षर लागलं नाही तर नंतर पुन्हा लिहीन.

सभागृह भरलेलं. आम्ही नऊ जण स्टेजवर, पाठ असलेल्या खुर्च्यांवर. शाल, श्रीफळ. मोठ्या पडद्यावर एक आलेख दाखवला : तत्त्वज्ञानात विद्यार्थिसंख्या दहापट वाढली. एकाचे दहा झाले, खरंच की. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला अभिमान वाटला.

मग कुलगुरू उठले. त्यांच्या हातात आमचा अर्ज. माझं अक्षर मी लांबूनही ओळखलं. त्यांनी फक्त शेवटची ओळ वाचली : "आम्हाला या वयात पदवीचं काय करायचं आहे? शिकण्यातला आनंद पुरे." मग म्हणाले, "या आपल्या आजी-आजोबांच्या विनंतीला मान देऊन, पुढच्या सत्रापासून हा अभ्यासक्रम आम्ही पदवीच्या ओझ्यातून मोकळा करत आहोत. ज्येष्ठांसाठी आनंद अध्ययन प्रमाणपत्र. परीक्षा नाही, हजेरी नाही. वर्ग सकाळी. आणि हो, खुर्च्यांना पाठ!"

हशा झाला. बद्रीनाथ उठले आणि क्लबातल्यासारखी टाळी सुरू केली, हो-हो, हा-हा-हा. मग आम्ही सगळेच उठलो. मीही. दोन्ही हात वर करून हसले मी. काय मागितलं आणि केवढं दिलं, असं वाटलं.

हात वर असतानाच ती दिसली. बाजूच्या भिंतीला टेकून रूपाली उभी. आम्ही स्टेजवर जाताना पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, विमलाबाईंची काठी, सगळं तिच्याकडे दिलं होतं. दोन्ही हात भरलेले. ती टाळ्या वाजवत नव्हती. वाजवता आल्याच नसत्या म्हणा. पण तिचा चेहरा पाहिला आणि माझे हात वरच राहिले, खालीच येईनात.

खाली उतरून तिच्याजवळ गेले. म्हटलं, बाळ, तुझं काही वेगळं करतील, तू तर पदवीला आहेस.

एकेक पिशवी नाव घेऊन ज्याच्या त्याच्या हातात दिली तिने. एकही चुकली नाही. मग मला म्हणाली, "काकू, तुमाले नाही लागत पदवी. मले लागते ना."

एवढंच. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

२ ऑक्टोबर

दसरा. श्रीखंड केलं, ते तसंच वाटीत राहिलं. शाल अजून पिशवीतच आहे.

४ ऑक्टोबर

बागेत कोणी हसलं नाही. श्रीनिवासराव म्हणाले, "आपण बुडणाऱ्याला वाचवायला उडी मारली आणि नेमकी त्याच्याच डोक्यावर पडलो. नऊ जण." बद्रीनाथ म्हणाले, पण प्रमाणपत्र काय वाईट आहे? वेणूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की तसं सुनेकडेही कधी पाहिलं नसेल.

रूपालीला वसतिगृहातून सांगितलंय, सत्र संपलं की खोली सोडा, प्रमाणपत्रवाल्यांना खोली नाही. शिष्यवृत्तीही पदवीलाच. दुसऱ्या विषयाला प्रवेश मिळायचा नाही, मुदत गेली. बी.एड.ची जागा तर केव्हाच दुसऱ्या कोणाची झाली.

संध्याकाळी कादंबरी आली. नव्या अभ्यासक्रमाची समन्वयक तिलाच करणार आहेत, महिन्याच्या पगारावर. आमचा अर्ज पोचल्यावर लगेचच तिला विचारलं होतं म्हणे. सांगता सांगता रडायलाच लागली. मी पाणी दिलं. नोकरी पक्की झाल्यावर कोणी असं रडतं का? मग म्हणाली, "काकू, मी तुम्हाला जिन्यात नीट सांगायला हवं होतं." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. जिन्यात भेटली तेव्हाच तिला सगळं माहीत होतं. रोज आग्रह करते, आज जेवून जा म्हटलं नाही.

९ ऑक्टोबर

सगळे मिळून कुलसचिवांच्या कार्यालयात. नऊच्या नऊ. बद्रीनाथही आले, वेणूबाईंनी आणले.

तिथल्या गृहस्थांनी बसायला खुर्च्या दिल्या, पाठ असलेल्या. मी म्हटलं, आम्हाला परीक्षा हवी आहे.

"काय हवी आहे?"

"परीक्षा. तीन तासांची. आणि पदवी."

"काकू, महिन्याभरापूर्वी तुम्हीच..." त्यांनी फाइल उघडली.

"ते मला पाठ आहे, मीच लिहिलंय," म्हटलं. "गोड बोलायला गेले आणि चुकीचं बोलले. ते खोडायचं कसं तेवढं सांगा."

श्रीनिवासराव म्हणाले, "परीक्षा द्या म्हणून हट्ट धरणारे विद्यार्थी पाहिलेत कधी?"

"नाही, साहेब."

"मग फोटो काढून ठेवा. पुन्हा दिसणार नाहीत."

गृहस्थ हसले. भला माणूस होता. आत जाऊन कोणाशी तरी बोलून आले. नवीन प्रवेश आता पदवीला होणार नाहीत, ते ठरलं ते ठरलं. पण ही एक तुकडी पदवीचीच ठेवता येईल. दहा जणांनी पंधरा नोव्हेंबरच्या आत प्रत्यक्ष येऊन सांगायचं, की आम्हाला पदवीच हवी, आणि सगळ्या परीक्षांना बसायचं. विमलाबाईंना लेखनिक मिळेल. दहा म्हणजे दहा. "नऊ चालणार नाहीत, काकू. आधीच सांगतो."

आम्ही नऊ जणांनी तिथेच उभ्या उभ्या सांगितलं. माझा जीव भांड्यात पडला. दहावी तर आमच्या घरचीच!

तडक वसतिगृहावर गेलो. तिथल्या बाईंनी खोलीचं दार उघडून दाखवलं. गादी गुंडाळलेली. रूपाली काल संध्याकाळच्या गाडीने गावी गेली. खिडकीत विमलाबाईंसाठी मोठ्या अक्षरात उतरवलेली टिपणं नीट दोऱ्याने बांधून ठेवलेली, अगदी शेवटच्या तासापर्यंतची.

विमलाबाईंना वाचता येईना. त्यांचा डावा डोळा अधूच, पण आम्हाला कोणालाच वाचता येईना.

२६ ऑक्टोबर

दिवाळी झाली. क्लबात आता हसण्याआधी लिहिण्याची सवय करतो. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत सगळ्यांची बोटं आखडली, काल तासभर टिकलो. बद्रीनाथांचा हात थरथरतो, पण म्हणतात, अक्षर आधीही असंच होतं. हजेरीचं बटन आपापलं दाबायला शिकलो. वेणूबाईंनी चुकून दोनदा दाबलं आणि घाबरून फोन बंद करून ठेवला.

कादंबरीने समन्वयकपद घेतलं नाही. काल सांगितलं तिने, सहज, जिन्यात. मी तिला हाताला धरून आत आणलं आणि ताट वाढलं.

रूपाली फोन उचलत नाही. निरोप पाठवला की निळ्या खुणा उमटतात, म्हणजे वाचते. उत्तर नाही. श्रीनिवासरावांनी पाठवलं, विमलाबाईंनी आवाजात बोलून पाठवलं. निळ्या खुणा.

आज बागेत रोजच्यासारखं एकेकाला विचारत होते, गुडघा, डोळा, साखर, सून. आणि मधेच थांबले. जुलैपासून ती पोर रोज माझ्यासमोर बसून माझी पोळी खात होती. मी तिला अभ्यासाचं विचारलं, घरचं विचारलं, रिक्षा मिळाली का विचारलं. तू बरी आहेस ना, हे काही विचारलेलं आठवत नाही. सगळ्या गल्लीला विचारणारी मी.

२ नोव्हेंबर

कागदावर लिहून टपालाने पाठवते. फोनवरचं वाचून सोडून देता येतं, पत्र उशाशी पडून राहतं. पत्ता कादंबरीने दिला. कच्चं इथेच लिहिते, उद्या चांगल्या अक्षरात उतरवीन. या वेळी शेवटी गोड बोलणार नाही.

चि. रूपाली हीस,

आशीर्वाद. तू बरी आहेस ना? जेवतेस ना नीट? हे मी तुला आधी विचारायला हवं होतं.

आम्ही तुझं नुकसान केलं. मुद्दाम नाही, पण केलं. आपल्याला जे नको ते कोणालाच नको असणार, असं धरून मी ती ओळ लिहिली. तुला विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. तू रागावली असशील तर तो राग बरोबर आहे, तो सोड म्हणून मी सांगणार नाही.

पण हे वाच. पदवीची तुकडी राहू शकते. दहा जण लागतात. आम्ही नऊ जणांनी सांगून टाकलंय, परीक्षेला बसणार म्हणून. विमलाबाई डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकलणार होत्या, मी ओरडले, करून घ्या म्हटलं, पेपर लेखनिक लिहील. दहावी जागा तुझी आहे. पंधरा तारखेच्या आत तुला स्वतः यावं लागेल. तुकडी पदवीची राहिली की वसतिगृहाची खोली परत मिळेल असं तिथल्या बाई म्हणाल्यात, मी दोनदा विचारून घेतलं. तोवर आणि त्यानंतर कधीही, माझ्याकडची आतली खोली रिकामी आहे.

आलीस तर आमची बटनं आम्ही दाबू, रिक्षा आम्ही शोधू, पिशव्या आमच्या आम्ही धरू. तू पहिल्या बाकावर बस आणि नुसती शीक.

आणि यायचं नसेल तर तेही लिही. वडिलांनी दुसरं काही ठरवलं असेल, तुझं मन उडालं असेल, काहीही असेल. मग आम्ही नऊ जण बी.ए.च राहू, त्याने आमचं काही अडत नाही. मी तुझ्या बाबतीत स्वतःच्या मनाने एकदा ठरवलं, आता पुन्हा ठरवणार नाही. तू सांगशील ते.

कशी आहेस ते आधी लिही. बाकीचं त्याखाली. पण लिही, लवकर लिही.

तुझी वर्गमैत्रीण,
कुसुमकाकू